कर्ज पाचव्या पायरीवर: केनियात छोटा व्यवसाय उभा करण्याची आणि वाढवण्याची रीत

आफ्रिकेतील लघुउद्योगांविषयी जे मार्गदर्शन वाचायला मिळते, त्यातील बहुतेक भांडवलापासून सुरू होते. कर्ज कोठे मिळेल, अनुदान कोण देते, अर्ज कसा भरावा हे आधी सांगितले जाते आणि तो पैसा गल्ल्यात गेल्यावर त्याचे काय होते, याची चर्चा जागा उरली तर होते. माझे मत याच्या उलट आहे. केनिया, घाना, टोगो आणि मलावी या देशांत गेल्या दोन दशकांत छोट्या दुकानदारांबरोबर प्रत्यक्ष बाजारात जे प्रयोग झाले, ते पाहता पैसा कमी असण्याइतकेच तो कोठून झिरपतो हे न कळणेही व्यवसायाला नडते. म्हणून येथे कर्ज पाचव्या पायरीवर ठेवले आहे.

विवेचनासाठी मी केनिया निवडला आहे आणि त्यातही युगांडाच्या सीमेवरील बुसिया व त्याच्या आसपासचा पश्चिम भाग अधिक वेळा येईल, कारण छोट्या व्यापाऱ्यांचा इतका बारकाईने अभ्यास फार थोड्या प्रदेशांत झाला आहे. जे वाचक तेथील एखाद्या संस्थेत, पतसंस्थेत किंवा पुरवठादार कंपनीत काम करतात आणि स्थानिक व्यावसायिकांना सल्ला देतात, त्यांना याचा थेट उपयोग होईल. परदेशी नागरिकाने स्वतः तेथे टपरी टाकण्याचा विचार करू नये. व्यवसायासाठी लागणारा ‘जी’ वर्गाचा परवाना किमान १ लाख अमेरिकी डॉलरच्या गुंतवणुकीशिवाय मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या सोयीची आहे. स्वाहिली बाजारभाषा कानाला अर्धी ओळखीची वाटते. पैशाला ‘पेसा’, दुकानाला ‘दुका’, नफ्याला ‘फाइदा’, हिशोबाला ‘हेसाबू’, लाखाला ‘लाकी’ आणि धान्य मोजण्याच्या मोठ्या डब्याला ‘डेबे’ म्हणतात. यातील काही शब्द अरबीतून आले, काही हिंदी महासागरातील व्यापाराबरोबर भारतातून गेले. शब्द ओळखीचे असले तरी व्यवहार ओळखीचाच असेल असे मात्र गृहीत धरू नये.

पाया समजून घ्या

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार आफ्रिकेतील एकूण रोजगारापैकी ८५.८ टक्के रोजगार अनौपचारिक आहे. ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्दप्रयोगही याच खंडात घडला. कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाने घानातील आक्रा शहराच्या अभ्यासातून तो मांडला आणि कामगार संघटनेच्या केनियाविषयक १९७२ च्या अहवालाने तो जगभर पोहोचवला. केनियातले लोक याच क्षेत्राला ‘जुआ काली’ म्हणतात. शब्दशः अर्थ कडक ऊन, कारण पत्र्याचे काम करणारे कारागीर छपराविना उन्हात बसत.

केनियाच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघुउद्योग कायद्यात दहापेक्षा कमी माणसे आणि वर्षाला ५ लाख शिलिंगपर्यंत उलाढाल असलेल्या व्यवसायाला सूक्ष्म, तर दहा ते पन्नास माणसे आणि ५ ते ५० लाखांची उलाढाल असलेल्याला लघु मानले आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य व्यवसाय एकट्या माणसाचे असतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. एका भाजीवालीशेजारी आणखी पाच भाजीवाल्या बसल्या की रोजगाराचा आकडा वाढतो, पण तेच गिऱ्हाईक सहा जणींत वाटले जाते. अर्थव्यवस्थेची वाढ होते ती या गर्दीतल्या काही थोड्या व्यवसायांनी चार, आठ, बारा माणसे पगारावर ठेवली तर. त्यामुळे सल्ला देणाऱ्याने ‘किती नवे व्यवसाय सुरू झाले’ यापेक्षा ‘किती व्यवसाय एका माणसाच्या पुढे गेले’ हे मोजावे.

पहिली पायरी: हुकलेली विक्री लिहा

बाजारात बसलेली ‘मामा म्बोगा’, म्हणजे भाजीवाली, डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक ५० शिलिंगांचे टोमॅटो घेते आणि १,००० ची नोट पुढे करते. तिच्याकडे सुटे नाहीत. ती शेजारच्या गाळ्यावर जाते, तेथेही नाहीत, मग पलीकडच्या मितुंबावाल्याकडे, म्हणजे जुने कपडे विकणाऱ्याकडे धावते. परत येते तोवर गिऱ्हाईक निघून गेलेले असते आणि तिच्या उघड्या गाळ्यासमोर उभी असलेली दुसरी बाईही कंटाळून पुढे सरकलेली असते. पश्चिम केनियात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ सुटे पैसे नसल्यामुळे छोट्या व्यवसायांचा ५ ते ८ टक्के नफा बुडत असल्याचे आढळले. उपाय कोणालाही सुचेल इतका साधा होता, तरी तो कोणी करत नव्हते, कारण हुकलेली विक्री कोठल्याच वहीत उतरत नाही. संशोधकांनी दर आठवड्याला ‘या कारणाने किती विक्री गेली’ एवढे विचारायला सुरुवात केली, तशी दुकानदारांची सुट्यांची तयारी आपोआप वाढू लागली.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत व्यवसायात काहीही बदलू नका. फक्त वही ठेवा. डाव्या पानावर आलेला आणि गेलेला पैसा लिहा. उजव्या पानावर न झालेली विक्री लिहा: काय मागितले, का देता आले नाही, अंदाजे किती शिलिंगांचे होते. कारणे तीन-चारच निघतात. सुटे नव्हते, माल संपला होता, मोठे माप होते आणि गिऱ्हाइकाला छोटे हवे होते, किंवा दुकान उघडे नव्हते. पंधरवड्यानंतर उजवे पान वाचले की पुढचा पैसा कोठे घालायचा ते कळते. ज्याला लिहिता येत नाही, त्याने कारणागणिक एकेक डबी ठेवून तीत मक्याचा दाणा टाकला तरी चालते. मोजणी झाल्याशी कारण.

मोबाईलवरील पैशाने सुट्यांचा प्रश्न बराच हलका केला आहे. सफारीकॉम कंपनीने मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू केले आणि आता रस्त्याकडेच्या गाळ्यावरही पैसे घेण्याचा क्रमांक रंगवलेला दिसतो. याचा परिणाम केवळ सोयीपुरता नव्हता. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० केनियन कुटुंबे दारिद्र्याबाहेर आली आणि सुमारे १,८५,००० स्त्रियांचा मुख्य व्यवसाय शेतीकडून व्यापाराकडे वळला. मात्र मोबाईलवर आलेला पैसा घरखर्चाच्याच खात्यात पडत असेल, तर वहीचे डावे पान लंगडे होते. व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घेणे हा त्यावरचा पहिला आणि स्वस्त उपाय आहे.

दुसरी पायरी: व्यवसायाच्या पैशाला वेगळे घर द्या

बुसियाजवळच्या बुमाला या बाजारगावात एक प्रयोग झाला. काही व्यावसायिकांना गावातल्या बँकेत बचत खाते उघडून दिले. खात्यावर व्याज नव्हते आणि पैसे काढायला शुल्क होते, म्हणजे पैसा ठेवला तर तो कमीच होणार. तरीही बाजारातल्या स्त्रियांनी ते खाते भरपूर वापरले आणि त्यांची व्यवसायातली गुंतवणूक बरीच वाढली. सायकलवर प्रवासी वाहणाऱ्या पुरुषांनी मात्र त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. यातून मला दिसते ते असे की, हाताशी असलेला पैसा नातेवाइकांच्या मागण्यांपासून आणि घरातल्या रोजच्या निकडीपासून दूर ठेवणे, याचीच बाजारातल्या स्त्रीला इतकी गरज असते की त्यासाठी ती किंमत मोजायला तयार होते.

घानातील शहरी लघुव्यवसायांवरच्या प्रयोगाने याची दुसरी बाजू दाखवली. तेथे काहींना रोख आणि काहींना तेवढ्याच किमतीचा माल देण्यात आला. स्त्रियांच्या बऱ्यापैकी चालणाऱ्या व्यवसायांत मालाच्या मदतीने नफा वाढला. रोख रक्कम घरखर्चात विरघळली. आणि अगदी किरकोळ व्यवसायांत दोन्हींपैकी कशानेच फरक पडला नाही. मदत देणाऱ्या संस्थांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

करायचे ते असे. मालकिणीने किंवा मालकाने स्वतःचा आठवड्याचा पगार ठरवावा आणि तो ठरलेल्या दिवशीच उचलावा. घरात लागणारा माल दुकानातून घेतला तर तोही वहीत विक्रीप्रमाणे लिहावा. मुलांची शाळेची फी दर सत्राला भरावी लागते, म्हणून त्यासाठी रोज थोडी रक्कम बाजूला काढावी, नाहीतर सत्र सुरू होताना विक्रीचा माल विकून फी भरली जाते आणि पुढचे तीन आठवडे गाळा अर्धा रिकामा राहतो.

पैशाचे हे दुसरे घर बहुतेक वेळा बँक नसते, ‘चामा’ असते. चामा म्हणजे भिशी. दक्षिण आफ्रिकेत तिला स्टोकव्हेल, इथिओपियात इकुब, घानात सुसू आणि फ्रेंच बोलणाऱ्या देशांत तोंतीन म्हणतात. चामात शिरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: पाळी चिठ्ठीने ठरते की ठरावाने, हप्ता चुकला तर दंड किती, पैसा कोणाच्या नावावर राहतो आणि मध्येच सोडल्यास काय परत मिळते. नायजर देशात १९९१ मध्ये ‘केअर’ या संस्थेने सुरू केलेली ग्रामबचत गटांची पद्धत या बाबतीत अनुकरणीय आहे. त्यात रोकड लोखंडी पेटीत असते, पेटीला तीन कुलुपे असतात आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या सभासदांकडे असतात. पेटी उघडते ती सगळ्यांसमोर, बैठकीतच. पासबुके मागाहूनही भरता येतात, पण पेटीतला पैसा सर्वांदेखत मोजला गेल्यामुळे त्याबद्दल नंतर कुजबुज होत नाही.

तिसरी पायरी: मापाने आणि वेगळेपणाने वाढा

केनियाच्या बाजारात ‘कडोगो’ हा शब्द कायम ऐकू येतो. कडोगो म्हणजे चिमुकले. रोज कमावून रोज खाणारे गिऱ्हाईक तेलाची बाटली घेत नाही, आजच्या स्वयंपाकापुरते तेल घेते. मक्याचे पोते घेत नाही, पत्र्याच्या ‘गोरोगोरो’ने, म्हणजे सुमारे दोन किलोच्या डब्याने मोजून घेते. छोट्या मापात नफा जास्त असतो, पण मापातच तो सांडतोही. उदाहरणादाखल धरा की २० लिटर तेलाचा कॅन ५,००० शिलिंगांना पडला आणि ५० मिलीलिटरचे माप १५ शिलिंगांना विकले. हिशोबाने ४०० मापे निघतात, ६,००० शिलिंग येतात आणि १,००० सुटतात. प्रत्येक माप काठोकाठ भरून वर थोडे ओघळू दिले आणि अशा रीतीने कॅनमागे एक लिटर गेले, तर ३८० मापेच निघतील. येणारे पैसे ५,७००, सुटणारे ७००. तेल गेले पाच टक्के, नफा गेला तीस टक्के. नवे दुकान उघडण्यापूर्वी जुन्या दुकानातले माप दुरुस्त करावे, असे मी म्हणतो ते यासाठी. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि शिक्षा कडक आहे, त्यामुळे छोट्या मापाची बांधणी कागद, कापड किंवा गिऱ्हाइकाचे स्वतःचे भांडे यांवर बसवावी.

पण नुसत्या मापाने व्यवसाय मोठा होत नाही. शेजारी जे विकतो तेच विकणे ही या बाजारांची जुनी खोड आहे. टोगोची राजधानी लोमे येथे १,५०० छोट्या व्यावसायिकांबरोबर एक प्रयोग झाला. एका गटाला हिशोब, विक्री, साठा यांचे नेहमीचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्याला पुढाकार घेण्याची सवय शिकवली, म्हणजे संधी स्वतः शोधणे, अडचणी आधीच ओळखणे, इतरांपेक्षा वेगळे काही करून पाहणे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाचा नफा सरासरी ३० टक्के वाढला. पहिल्या गटाची ११ टक्क्यांची वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. मी वर वहीचा आग्रह धरला आहे, म्हणून हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की वही ही सुरुवात आहे. उजव्या पानावरून कोणता नवा माल आणायचा हे ज्याला सुचले नाही, त्याची वही कोरी राहिली असती तरी चालले असते.

वेगळेपण म्हणजे दरवेळी नवा शोध नव्हे. नैरोबीतील कामुकुंजी या भागात जुआ काली कारागिरांच्या रांगा आहेत आणि दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज चालू असतो. तेथे घडणारी मातीच्या अस्तराची शेगडी, म्हणजे केनिया सिरॅमिक जिको, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीवरून सुधारून घेतली गेली. जुन्या पत्र्याच्या शेगडीपेक्षा तिला कोळसा बराच कमी लागतो. पण व्यावसायिकाने पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. पत्र्याचे कवच एक जण बनवतो, भाजलेले अस्तर कुंभार पुरवतो, दोन्ही जोडणारा तिसरा असतो आणि विकणारा चौथा. प्रत्येकाला स्वतःच्या तुकड्यापुरतेच भांडवल आणि कसब लागते. नव्याने उतरणाऱ्याने संपूर्ण वस्तू बनवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा अशा साखळीत कोणता तुकडा उशिरा मिळतो किंवा वाईट मिळतो हे विचारावे आणि तोच बनवावा. गर्दीच्या ठिकाणी बसल्याने स्पर्धा वाढते हे खरे. पण पत्रा, हत्यारे, कामगार आणि गिऱ्हाईक चालत येते, हेही खरे.

शेतमालाच्या व्यापारात वेगळेपणा वेळेचा असतो. बुंगोमा परगण्यातील मका उत्पादकांना सुगीच्या वेळी थोडे कर्ज दिल्यावर त्यांनी मका तेव्हाच विकला नाही, साठवला आणि भाव चढल्यावर विकला. छोट्या व्यापाऱ्यासाठी यातला धडा सरळ आहे: साठवणीची कोरडी, कीड न लागणारी जागा असेल तर नव्वद किलोच्या पोत्यांचा धंदा करावा, नसेल तर गोरोगोरोचाच बरा.

चौथी पायरी: नोंदणी उपयोगासाठी करा

नोंदणी केली की व्यवसाय वाढतो, असे सरकारी पत्रकांत लिहिलेले असते. मलावीतील प्रयोगाने त्यात दुरुस्ती केली. तेथे मोफत नोंदणी मिळाल्यावर बहुतेकांनी ती आनंदाने केली, पण तेवढ्याने विक्री वाढली नाही. ज्यांना नोंदणीबरोबर बँकेची माहितीसभा आणि व्यवसायाच्या नावाने खाते मिळाले, त्यांची विक्री सुमारे २० टक्के आणि नफा सुमारे १५ टक्के वाढला. अर्थ असा की कागद हवा तो पुढचे दार उघडण्यासाठी. दार कोणते, हे आधी ठरवावे.

केनियात कामांचा क्रम साधारण असा आहे. व्यवसायाचे नाव ‘ई-सिटिझन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदवायचे, केनिया महसूल प्राधिकरणाकडून कर क्रमांक घ्यायचा आणि मग परगणा सरकारकडून व्यवसाय परवाना काढायचा. देशात ४७ परगणे आहेत व परवान्याचे दर प्रत्येकाचे वेगळे आहेत. खाद्यपदार्थ असतील तर आरोग्य तपासणी, आणि पॅकबंद वस्तू दुकानांना पुरवायच्या असतील तर केनिया मानक ब्यूरोची खूण लागते. ही खूण मिळेपर्यंत मोठी दुकाने माल ठेवून घेत नाहीत, म्हणून मसाला, पीठ, साबण असा माल बनवणाऱ्याने तिला सगळ्यांत आधी हात घालावा.

कराच्या बाबतीत एक खाच नीट समजून घ्यावी. वर्षाला १० लाख ते २ कोटी ५० लाख शिलिंग उलाढाल असलेल्या व्यवसायासाठी उलाढाल कर आहे आणि २०२३ च्या वित्त कायद्याने त्याचा दर १ वरून ३ टक्के केला. तो नफ्यावर नाही, विक्रीवर आहे. १२ लाखांची विक्री आणि ५ टक्के नफा असलेल्या किराणा दुकानदाराला वर्षाला ६०,००० सुटतात आणि त्यातून ३६,००० कर जातो. त्याऐवजी महसूल प्राधिकरणाला लेखी कळवून नेहमीच्या प्राप्तिकराखाली जाता येते. तेथे वैयक्तिक सवलत महिन्याला २,४०० शिलिंग आहे आणि पहिल्या २४,००० मासिक उत्पन्नावरचा दर १० टक्के आहे, त्यामुळे दुसरे उत्पन्न नसलेल्या या दुकानदाराचा प्राप्तिकर शून्यावर येतो. अट एकच: खर्चाच्या पावत्या आणि वही हवी. जास्त नफ्याच्या धंद्यात, उदाहरणार्थ केशकर्तनालयात, उलाढाल कर सोपा आणि स्वस्त पडू शकतो. हे दर दरवर्षीच्या वित्त कायद्याने बदलू शकतात, म्हणून जुलै महिन्यात ते ताडून पाहण्याची सवय ठेवावी.

सरकारी खरेदीतील ३० टक्के हिस्सा तरुण, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांच्या व्यवसायांसाठी राखीव आहे. संधी चांगली आहे, पण बिले महिनोन्महिने थकतात. तेवढे दिवस तग धरण्याइतके खेळते भांडवल नसेल तर अशा निविदेच्या वाटेला जाऊ नये.

पाचवी पायरी: आता कर्ज

आता वहीत तीन महिन्यांची विक्री आहे, पैसा वेगळ्या खात्यात फिरतो आहे आणि नोंदणी झाली आहे. कर्ज घेताना एकच प्रश्न विचारावा: हा पैसा किती दिवसांत फिरून परत हातात येईल?

मोबाईलवरचे कर्ज क्षणात मिळते आणि महाग असते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या एम-श्वारी या मोबाईल कर्जसेवेने ३० दिवसांच्या कर्जावर ७.५ टक्के शुल्क ठेवले होते. वर्षाच्या हिशोबाने ते ९० टक्क्यांच्या घरात जाते. तरीही ते नेहमीच चूक असते असे नाही. समजा १०,००० शिलिंग घेऊन टोमॅटो भरले, माल आठवड्यातून दोनदा संपतो आणि नासाडी व वाहतूक वजा जाता प्रत्येक फेरीला ६ टक्के सुटतात. महिन्यात आठ फेऱ्यांना ४,८०० मिळाले आणि ७५० शुल्क गेले, व्यवहार उत्तम. आता त्याच पैशातून जुना फ्रीज घेतला आणि थंड पेयांवर रोज ४० शिलिंग जास्त सुटू लागले. महिन्याला १,२०० मिळाले, पण तिसाव्या दिवशी १०,७५० परत करायचे आहेत. उरलेले साडेनऊ हजार टोमॅटोच्या भांडवलातून जातात. फ्रीज वाईट नव्हता. तीस दिवसांचे कर्ज त्या कामाचे नव्हते. आणि पहिल्या हिशोबातली मेख अशी की जास्तीचे टोमॅटो घेणारे गिऱ्हाईक खरोखर आहे का? त्याचे उत्तर वहीच्या उजव्या पानावर असते. तेथे ‘माल संपला’ असे वारंवार लिहिलेले नसेल, तर कर्जाने घेतलेला माल नासतो.

यंत्र, फ्रीज, शिलाई मशीन अशा टिकाऊ वस्तूंसाठी सहकारी पतसंस्थेचे, म्हणजे ‘साको’चे, लांब मुदतीचे कर्ज पाहावे. सभासद होऊन काही महिने बचत करावी लागते, तोवर थांबणे परवडते. २०१७ च्या कायद्याने यंत्र, माल, जनावरे अशी जंगम मालमत्ता तारण म्हणून नोंदवण्याची सोय झाली आहे. जमिनीचे कागद नसलेल्या, विशेषतः स्त्री व्यावसायिकांनी याची चौकशी करावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला सरकारी ‘हसलर फंड’ ८ टक्के वार्षिक दराने ५०० ते ५०,००० शिलिंगांचे कर्ज देऊ लागला. रक्कम लहान असली तरी वेळेवर फेडून नाव चांगले करण्यास तो उपयोगी आहे. थकबाकी पतनोंदणी संस्थेकडे जाते आणि किरकोळ रकमेसाठी काळ्या यादीत गेलेले नाव पुढच्या मोठ्या कर्जाच्या आड येते.

व्याजदर कायद्याने कमी करावेत, ही मागणी स्वाभाविक आहे. केनियाने ते करूनही पाहिले. सप्टेंबर २०१६ पासून बँकांना मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा ४ टक्क्यांहून अधिक घेता येईना. बँकांनी छोट्या, जोखमीच्या गिऱ्हाइकांना कर्ज देणेच आखडते घेतले, लोक मोबाईल सावकारांकडे गेले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ती मर्यादा उठवण्यात आली.

सहावी पायरी: पहिला माणूस आणि पुढची पेढी

एकट्याच्या व्यवसायाला दुसरा माणूस ठेवताना सर्वांत मोठी भीती चोरीची असते आणि केनियात बहुतेक जण नात्यातला मुलगा आणून ती टाळतात. नायजेरियातील इग्बो समाजाने यावर अधिक भक्कम रीत बसवली आहे. १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धानंतर त्यांच्या बँक ठेवी कितीही असल्या तरी खातेदाराला सरसकट २० पौंडच देण्यात आले. त्या शून्यातून व्यापार पुन्हा उभा राहिला, त्यात उमेदवारीच्या पद्धतीचा वाटा मोठा होता. मुलगा पाच-सात वर्षे मालकाकडे राहून काम करतो, पगार घेत नाही, आणि मुदत संपल्यावर मालक त्याला माल व भांडवल देऊन वेगळे दुकान लावून देतो. या शेवटच्या देण्याला ‘सेटलमेंट’ म्हणतात. न्नेवी गावातले मोटारीच्या सुट्या भागांचे व्यापारी अशाच जाळ्यातून वाढले आणि पुढे त्यांतील काहींनी ते भाग बनवायलाही घेतले. या रीतीत दोषही आहे: करार तोंडी असल्याने अखेरच्या वर्षी मुलावर आळ घेऊन त्याला रिकाम्या हाताने घालवणारे मालक असतात. म्हणून ही रीत उचलताना मुदत, देणे आणि साक्षीदार लिहून घ्यावेत आणि मुलाला दरम्यान नियमित पगारही द्यावा. केनियात पगारावर माणूस ठेवला की निवृत्ती निधी, पगाराच्या २.७५ टक्के आरोग्य विमा आणि मालक व कामगार दोघांकडून प्रत्येकी १.५ टक्के गृहनिर्माण आकारणी भरावी लागते. पगार ठरवण्यापूर्वीच ही बेरीज करावी.

सीमेपलीकडचे गिऱ्हाईक

बुसियात ‘बोडा-बोडा’ हा शब्द जन्मला. दोन देशांच्या चौक्यांमधले अंतर सायकलवरून पार करून देणारे ‘बॉर्डर, बॉर्डर’ असे ओरडत, त्याचे हे रूप. छोट्या व्यापाऱ्याला हे अंतर आजही कागदांमुळे लांब वाटते, आणि म्हणून अनेक जणी माल आडवाटेने नेतात, लाच देतात किंवा माल गमावतात. खरे पाहता पूर्व आफ्रिकी समुदायात याच भागात तयार झालेल्या, मान्य यादीतल्या आणि २,००० डॉलरपर्यंतच्या मालाला सोपे मूळप्रमाणपत्र चौकीवरच मिळते व त्यावर आयात शुल्क लागत नाही. यादी चौकीवर लावलेली असते. पहिल्या खेपेला थोडाच माल न्यावा, प्रमाणपत्र भरून घ्यावे, पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत आणि खेपेला लागलेला वेळ वहीत लिहावा.

खंडभराच्या मुक्त व्यापार क्षेत्राचा करार २१ मार्च २०१८ रोजी किगाली येथे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखालील व्यापार औपचारिकरीत्या सुरू झाला. त्याचा लाभ घेण्याइतका माल तयार होईपर्यंत कामुकुंजीच्या शेगडीवाल्याने युगांडातील कंपाला आणि टांझानियातील म्वान्झा येथील दोन-तीन दुकानदार धरावेत, त्यांना प्रत्येकी डझनभर शेगड्या पाठवाव्यात आणि वाटेत किती अस्तरे तडकली ते मोजून मगच पुढच्या खेपेचा भाव ठरवावा.